गल्लीत उभी ट्रॉली

भोर, ११ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं मागच्या महिन्यातलं पत्र पोचलं. कानाचं मशीन तू पुन्हा डब्यात ठेवून दिलंस हे वाचून बरं वाटलं नाही. पण त्यातून नुसती घरघर ऐकू येत असेल तर घालून तरी काय उपयोग? फोनवर आपलं बोलणं बंद झाल्यापासून पोस्टमन तेवढा खूश आहे. म्हणतो, "हातानं लिहिलेलं पत्र आता तुमच्याच घरी येतं."

लिहायचं कारण, घराचं काम काढलंय. पुढची खोली आणि आतली खोली यांच्यामधली भिंत पाडायची, दोन्ही दारं रुंद करायची, उंबरे काढायचे, आणि परसातला संडास घरात घ्यायचा. डेपोतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, बसून तरी किती राहायचं. राडारोडा टाकायला आंबवड्याच्या गेनबाची ट्रॉली भाड्यानं घेतलीय. आपल्या गल्लीत ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून तो ट्रॉली उलटी आत ढकलतो, चाकांना दगड लावतो आणि सोडून जातो. भरली की फोन करायचा, मग येऊन जोडून नेतो. त्याच्या शेताच्या कडेला मोठा खड्डा आहे, तो बुजवायला त्याला माती-विटा हव्याच आहेत.

तुझी पत्र्याची पेटी माळ्यावर आहे. माळा उतरवावा लागणार. पेटी कुठं ठेवू ते कळव.

रत्नाची कंबर जरा धरलीय. बाकी ठीक.

तुझा,
कुमार


मार्गासनी, १९ नोव्हेंबर २०२४

चि. कुमारास,
आशीर्वाद आणि जयभीम.

तू विचारतोस पेटी कुठं ठेवू. अकरा वर्षं ती कुणाच्या अंगावर पडली नाही, आता पडायला लागली का?

ती मधली भिंत दादांनी बांधली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू आईच्या कडेवर होतास. नीरेवरून वाळूची पाटी डोक्यावर घेऊन मी दिवसाला बारा खेपा केल्यात. माझी टाळू सोलून निघाली होती. धडधाकट भिंत आहे ती. तिला काय झालंय?

शिवानीला बघायला कुणी येणार आहे का? घर मोठं दिसायला हवं म्हणून चाललंय का हे सगळं? असेल तर आनंदच आहे. पण मी तिची एकुलती एक आत्या, मला कळवायला नको? नाशिकला मास्तरीण झाली तेव्हाही मला तिसऱ्याकडून कळलं.

भात कापून झालं. उडवी रचून ठेवलीय, झोडणीला माणसं मिळाली की झोडायचं. पेटी एसटीनं पाठवून दे. कंडक्टरला सांग, मार्गासनीच्या थांब्यावर लीलाबाई अंगणवाडीवाली म्हणून कुणालाही विचार.

रत्नाची कंबर धरली असेल तर तिला जरा टेकायला सांग.

लीला


भोर, २७ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,
जयभीम.

पेटी आज सकाळच्या गाडीनं पाठवली. कंडक्टर माझ्या ओळखीतला आहे. कुलूप तुझंच आहे, उघडलेलं नाही.

शिवानीचं काही नाही, खरंच नाही. झालं तर तुला पहिलं कळवीन. काम आपलं सोयीसाठी काढलंय.

भिंत पडली. मी मुद्दाम बाहेर जाऊन बसलो होतो. गवंडी म्हणाला, "काका, ह्या भिंतीत वाळू कमी पडलेली न्हाई, पहारीला दाद देईना." मी त्याला तुझ्या बारा खेपांचं सांगितलं. तो हसला नाही, बरं केलं. पहिली ट्रॉली तीन दिवसांत भरली. घमेली मीही उचलतो. गड्यांना वाटतं म्हातारा कंजूष आहे. तसं नाही, हाताला काम असलं की डोकं शांत राहतं.

रत्ना बरी आहे. तुला नमस्कार सांगितलाय.

कुमार


मार्गासनी, ५ डिसेंबर २०२४

चि. कुमारास,

पेटी मिळाली. कोपरा चेपलाय, असू दे.

तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली. दोन्हीत एकदाही सरळ उत्तर नाही. सोय, सोय. कुणाची सोय? त्या घरात दादा-आईचं आयुष्य गेलं, आपण दोघं वाढलो, कुणाची गैरसोय झाली नाही. आता मधली भिंत गेली, दारं गेली, उंबरे गेले. तू न विचारताही सांगते हे कुणाच्या डोक्यातून निघालंय. रत्नाला आता आरशासारखी फरशी पाहिजे. शेजारणींनी येऊन बघायला पाहिजे. तू नंदीबैलासारखा मान हलवतोस आणि घमेली वाहतोस.

मालक गेल्यावर मी चार महिने तुमच्याकडं राहिले. ती माझ्या कानांबद्दल काय बोलली ते मी तुला कधी सांगितलं नाही, आजही सांगत नाही. तेव्हाच कळलं होतं की त्या घरात मला जागा नाही. आता पेटीही बाहेर आली. मला उचलून ट्रॉलीत टाकायचं तेवढं राहिलंय.

हे पत्र तिला वाचून दाखवलंस तरी चालेल.

लीला


भोर, १२ डिसेंबर २०२४

ती. वन्संस रत्नाचा जयभीम.

माझं अक्षर बघून घाबरू नका. आडवं पडून लिवतीया.

तुमचं पत्र ह्येंनी मला वाचून दाखवलं. पान दोन्ही बाजूंनी भरलेलं, आन् ह्येंचं वाचून चार वळीत संपलं. म्या सातवीपतूर शिकलीय हे ह्ये इसरले. ह्ये दळण आणाया गेले तवा शेजारच्या बनाबाईला म्हनलं, खुटीवरच्या सदऱ्याच्या खिशातनं कागद काढून द्या. मग सगळं वाचलं.

त्यात चूक एकच हाय. मला आरशावानी फरशी नको. माझ्या पाठीच्या कण्यात गाठ हाय. पुण्याच्या डाक्टरांनी सप्टेंबरात सांगितलं. पाय गेले वन्सं. कमरंखाली कुनी चिमटा काढला तरी कळत न्हाई. चाकाची खुर्ची आनली, ती जुन्या दारातनं जाईना, उंबऱ्याला अडकायची. संडासाला परसात जायाचं तर दोन पायऱ्या. ह्ये मला उचलून न्यायचे. एकदा पायरीवर दोघंबी पडलो. माझ्या पायाला लागलं ते मला कळलंच न्हाई, रगात बघून ह्येच रडाया लागले. म्हनून भिंत पाडली.

किती दिवसांसाठी पाडली ते इचारू नका. डाक्टर म्हनले, सहा महिनं, लई झालं तर.

कुनाला सांगायचं न्हाई अशी शप्पथ म्याच घातली. तुमाला तर मुळीच न्हाई. ह्ये लई डाव म्हनले, आक्काला कळवू. म्या न्हाई म्हनले. तुमी कीव कराल, त्येचं मला भ्या वाटत व्हतं.

आन् अकरा वर्सांमागचं. तुमी ह्येंना सांगितलं न्हाई, म्याबी न्हाई. म्या बनाबाईला म्हनले व्हते, "बहिरीशी किती वरडायचं, माझा घसा बसला." तुमी दारात उभ्या व्हता. येरवी तुमाला हाक ऐकू यायची न्हाई, पर तेवढं आलं. तुमी तशीच पिशवी भरली. म्या अडवलं न्हाई. मला वाटलं, बरं झालं. खरंच वाटलं तसं, खोटं कशाला लिवू. आता मला उचलताना ह्येंच्या तोंडातनं "आई गं" निघतं, तवा तुमी डोळ्यापुढं येता.

यायचं का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा. पर ह्येंच्यावर राग धरू नका. त्येंनी तुमाला खोटं लिवलं ते माझ्यापायी.

रत्ना


मार्गासनी, १६ डिसेंबर २०२४

रत्ना,

परवा, बुधवारी, सकाळच्या गाडीनं येते. कुमारला सांगू नकोस, तो स्टँडवर येऊन उभा राहील आणि तुला एकटीला ठेवील.

मी कीव करणार नाही. मला तेवढं येत नाही. अंगणवाडीत तीस वर्षं लेकरांना आंघोळी घातल्यात, तुलाही घालीन. पाटी-पेन्सिल घेऊन येतेय. तुला ओरडायला लागणार नाही.

लीलावन्सं


भोर, २० जानेवारी २०२५

ती. आक्कास,
जयभीम.

रत्नाच्या पुण्यानुमोदनाला आलेली सगळी माणसं पांगली. शिवानीची सुट्टी संपली, ती नाशिकला गेली. तू गेलीस त्यालाही आता आठवडा झाला. घरात मी एकटा आहे. तेव्हापासून रोज हे पत्र लिहायला घेतो आणि फाडतो. आज टाकायचंच असं ठरवून बसलोय.

तू इथं दहा दिवस होतीस. त्या दहा दिवसांत रत्ना जेवढी हसली तेवढी वर्षभरात हसली नव्हती. तुम्ही दोघी पाटीवर काय लिहायचात आणि मी आलो की काय पुसायचात ते मला कधी कळलं नाही. मी त्यातच सुखी होतो. तू तिला नव्या न्हाणीत खुर्चीवर बसवून पहिली आंघोळ घातलीस. फरशी बसायची होती, नुसत्या सिमेंटवर. ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना शिकेकाईचा वास होता. डॉक्टर काहीही म्हणोत, मला वाटायला लागलं होतं की उन्हाळा निघेल.

आता ऐक. रत्ना गेली त्या दिवशी मी तुझ्या पाटीवर लिहिलं होतं, "सकाळी श्वास बंद पडला." ते खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं.

तू शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, भात झोडायला म्हणून गावी गेलीस. सोमवारी परत येते म्हणालीस. त्या शनिवारी सकाळी गेनबा ट्रॉली न्यायला आला होता. पाऊण भरली होती. परसातल्या जुन्या संडासाची एक भिंत पाडायची राहिली होती. मी गेनबाला म्हणालो, "अर्ध्या खेपेसाठी परत कशाला येतोस? आज ती भिंत पाडून घेतो, काठोकाठ भरतो. सोमवारी ने." तो म्हणाला, "काका, तुमच्या दारातनं जायला-यायला वाट ऱ्हात न्हाई." मी म्हणालो, "आम्हाला कुठं जायचंय?"

हे मी बोललो, आक्का. याच शब्दांत.

रविवारी सकाळी साडेआठला मी चहा घेऊन गेलो तर तिला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले होते. फोन केला, ॲम्ब्युलन्स लवकर आली, त्यांचा काही दोष नाही. पण ती गल्लीच्या तोंडाशी अडली. मध्ये ट्रॉली, विटा-मातीनं काठोकाठ भरलेली. ट्रॉली आणि समोरच्या भिंतीमध्ये हातभर जागा. आपल्या परसातून तर बाहेर वाटच नाही. माणूस आडवा होऊन निघेल, खुर्ची निघत नव्हती, स्ट्रेचर निघत नव्हतं. ज्या खुर्चीसाठी मी घराची सगळी दारं फोडली, ती खुर्ची माझ्याच दारासमोर अडकली.

सात-आठ जण धावले. ढकलून बघितलं, भरलेली ट्रॉली कुठली हलतेय. कुणी म्हणालं रिकामी करा, दोघं वर चढून विटा फेकायलाही लागले. मी त्यांच्याकडं बघत उभा राहिलो. आयुष्यभर एसटीच्या गाड्या दुरुस्त केल्या, जॅक लावून मोठ्या मोठ्या गाड्या उचलल्या, आणि त्या वेळी मला काही सुचेना. शेवटी बनाबाई ओरडली, "आमच्या घरातनं न्या!" रत्नाला गोधडीत घेतलं, बनाबाईच्या पुढच्या दारानं आत, स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर, आणि मग वळसा घालून रस्त्यावर. अर्धा तास गेला. गोधडीचं एक टोक माझ्या हातात होतं. ती माझ्याकडं बघत होती. दवाखान्याच्या पायरीवर तिची मान कलंडली.

मी डॉक्टरांना विचारलं, "वीस मिनिटं आधी आणलं असतं तर?" ते पोरसवदा डॉक्टर. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, हे विचारू नका." ते 'नाही' म्हणाले असते तर मी आज हे पत्र लिहीत नसतो.

निरोप मिळून तू दुपारी आलीस तोवर गेनबानं ट्रॉली ओढून नेली होती. तो माझ्याकडं न बघता जोडून निघून गेला. तू रत्नाजवळ बसली होतीस आणि तुझ्या मागं, तुझ्या शेजारी, सगळी गल्ली तेच बोलत होती. ट्रॉली, ट्रॉली. तुझ्या कानावर त्यातलं काही पडलं नाही. तेरा दिवस लोक तुझ्या समोर बोलत होते आणि मी तुला पाटीवर लिहून दिलं नाही. तुला ऐकू येत नाही याचा मी फायदा घेतला.

काम बंद ठेवलंय. गवंड्याला नको म्हणून सांगितलं. परसात विटांचा ढीग आहे तसाच पडलाय.

तुला जे वाटेल ते लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

कुमार


मार्गासनी, २८ जानेवारी २०२५

चि. कुमारास,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चुलीपुढं बसून वाचलं, जाळावं असं वाटत होतं. जाळलं नाही.

तू चुकलास का? चुकलास. मी 'तुझा काही दोष नाही' असं लिहिलं तर तू माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस आणि मग मी पुढं लिहिणार आहे त्यावरही ठेवणार नाहीस. ट्रॉली न्यायला हवी होती. आणि मला त्या दिवशी सांगायला हवं होतंस. मी तिच्या डोक्याशी बसून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. माझ्यावर कुणी रागावलंय का, असं मला वाटत होतं.

आता माझं ऐक. मीही तुला सांगितलेलं नाही.

शनिवारी मी निघाले तेव्हा तिच्या खाटेजवळ वाकले. म्हणाले, दोन दिवसांत येते, भात पाखरं खातायत. तिनं माझा पदर धरला. पाटी तिच्या उशाशी होती, पण ती घेण्याएवढी ताकद तिच्या हातात त्या सकाळी नव्हती. तिचे ओठ हलले. मी काय केलं माहीत आहे? लोकांशी करते तेच केलं. समजलं नाही की मी मान हलवते आणि 'व्हय, व्हय' म्हणते. बाजारात करते, बँकेत करते. तिच्याशीही तेच केलं. म्हणाले, "व्हय गं, व्हय." तिनं पदर सोडला. मी पिशवी उचलली.

पाटी तिच्या हातात द्यायला, तिचा हात धरून लिहून घ्यायला किती वेळ लागला असता? गाडी चुकेल असं वाटलं. दुसरी गाडी नव्हती का?

ती 'थांबा' म्हणाली असं मला वाटतं. रोज संध्याकाळी उडवीच्या मोकळ्या जागेकडं बघते आणि तेच वाटतं. भात झोडलं, पोत्यात भरलं, त्याला हात लावावासा वाटत नाही. मी थांबले असते तर रविवारी आपण दोघं असतो. तुला नसतं सुचलं तर मला सुचलं असतं. मी बनाबाईचं दार अर्ध्या तासाआधी ठोठावलं असतं. तू एक दिवस ट्रॉली ठेवलीस, मी एक दिवस थांबले नाही. तेव्हा एकट्यानं डोक्यावर घेऊ नकोस.

तू माझ्या मागंच उभा होतास. तुला ऐकू आलं असेल. ती काय म्हणाली ते मला लिहून पाठव. जे असेल ते. मी सत्तर वर्षांची आहे, मला गोंजारायची गरज नाही.

आणि गवंड्याला बोलाव. ते काम अर्धं ठेवू नकोस.

आक्का


भोर, ६ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
जयभीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी लगेच उत्तर लिहायला बसलो. पहिल्या ओळीत लिहिलं, "ती म्हणाली, सावकाश जा." चांगलं वाक्य होतं. रत्ना तसं म्हणालीही असती. तू वाचून रडली असतीस आणि रात्री झोपली असतीस. ते पान मी फाडलं. दोन महिने मी तुला पत्रांतून खोटंच लिहीत होतो, आता पुरे.

मी तुझ्या मागं उभा नव्हतो. तू वाकलीस तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गेनबाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला. तो तुला येणार नव्हता, मला आला. मी बाहेर गेलो. तुझा पदर तिच्या हातात होता तेव्हा मी दारात उभा राहून गेनबाला म्हणत होतो, आज राहू दे, सोमवारी ने. तू पिशवी घेऊन बाहेर आलीस, मी ती तुझ्या हातातून घेतली आणि आपण स्टँडकडं निघालो. तुला वाटलं मी आतूनच आलो.

ती काय म्हणाली ते मला माहीत नाही, आक्का. शिवानी नव्हती, बनाबाई नव्हती. आपण दोघंच होतो, त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरा गल्लीत होता. ते आता आपल्याला कधीच कळणार नाही. 'थांबा' असेल, 'या लवकर' असेल, नुसतं पाणी मागितलं असेल. मी परत आल्यावर तिला पाणी दिलं होतं, ती प्यायली. एवढं मला आठवतं, तेवढं लिहितो.

गवंडी परवा आला. न्हाणीला फरशी बसली. खरबरीत घेतलीय, पाय घसरू नये म्हणून. परसातला विटांचा ढीग तेवढा उचलायचा होता. गेनबाला फोन करायचं माझं धाडस होत नव्हतं. गवंड्यानं केला. तो आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, म्या तवा ऐकायला नको व्हतं तुमचं." मी म्हणालो, "तू कशाला रं." ट्रॉली सकाळी नऊला आत आली, मी चार माणसं जास्त लावली, एक वाजता भरून गेली. घमेली मीही वाहिली. ती निघून गेल्यावर मी खराट्यानं गल्ली झाडली, पार रस्त्यापर्यंत. बनाबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता कशाला झाडताय?"

घर आता मोठं वाटतं. पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत कुठं अडत नाही. रत्नानं ते असं पुरं झालेलं बघितलं नाही.

तू ये. कायमची ये असं म्हणत नाही, तुझं गाव आहे, शेत आहे. पण येत जा. कोणत्या गाडीनं निघतेस ते आधी कळव. मी स्टँडवर येईन. गर्दीत हाक मारणार नाही, तुला ऐकू येत नाही. उतरशील त्या दारासमोरच उभा राहीन.

तुझा,
कुमार